कागदावर धडधाकट

डॅनिका आणि वेस हाकाला यांची पहिली भेट दातांच्या दवाखान्यात झाली. थंडर बेच्या त्या दवाखान्यात ती मदतनीस होती आणि तो आपला अर्धा दात रुमालात गुंडाळून आला होता. आदल्या संध्याकाळी रिंकवर हॉकी खेळताना रबरी चकती थेट त्याच्या तोंडावर बसली होती.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"छे," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून मात्र पाण्याची धार लागली होती.

डॅनिकाला हसू आलं. तिचे वडील रेल्वेत, मामा कागदाच्या गिरणीत. दुखतंय म्हणणारा पुरुष तिने त्या गावात पाहिला होता तो फक्त अंथरुणाला खिळलेला. त्या वयात तिला हे मर्दपणाचं वाटलं, आणि पुढच्या वर्षी तिने त्याच्याशी लग्न केलं.

वेस बर्फावरच्या हॉकीतला बचावपटू होता. गोल करणं हे त्याचं काम नव्हतं. समोरून चकती बंदुकीच्या गोळीसारखी सुटली की तिच्या वाटेत स्वतःला आडवं घालायचं, कोपऱ्यात दुसऱ्याचा धक्का आपल्या अंगावर घ्यायचा, हे त्याचं काम. अशी माणसं प्रत्येक संघाला लागतात आणि त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजायला कुणी तयार नसतं. त्याचा करार एक होता, पण त्यात दर दोन होते. मोठ्या संघात असला तर एक दर, आणि मोठ्या संघाच्या हाताखाली चार तासांवरच्या लहान शहरात जो धाकटा संघ होता, तिथे असला तर दुसरा. खेळाडू त्यांना नुसतं 'वर' आणि 'खाली' म्हणत. वरचा एक आठवडा पदरात पडला की खालच्या दोन-अडीच महिन्यांची कमाई व्हायची. सहा हिवाळे वेस बहुतेक खालीच होता. या वर्षी, एकतिसाव्या वर्षी, तो पहिल्यांदा वर टिकला होता.

टिकला म्हणजे तरी काय. लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगारांवर मर्यादा घातली होती. तिला सगळे 'कॅप' म्हणत आणि सगळे तिच्या नावाने बोटं मोडत. तीन-चार बडे खेळाडू घेतले की ती जवळपास भरायची. मग उरलेल्या फटीत वेससारखे लोक दाटीवाटीने बसवायचे. हा हिशोब रोजच्या रोज चाले. म्हणून ज्या दिवशी सामना नसेल त्या दिवशी संघ वेसला कागदावर खाली पाठवी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत वर बोलावी. तो कुठे हलायचासुद्धा नाही. घरीच, मोजे न घालता, स्वयंपाकघरात बसलेला असायचा.

"आज मी कुणाला वाढतेय?" अंडी तळताना डॅनिका विचारायची. "वरच्याला की खालच्याला?"

"खालच्याला."

"मग बेकन मिळायचं नाही."

चार वर्षांची आइला मग आपल्या ताटलीतलं बेकन बापाच्या ताटलीत टाकायची. तिला वाटे की बाबाने काहीतरी आगळीक केली आहे.

सप्टेंबरात, मोसम सुरू व्हायच्या आधी, सगळ्या खेळाडूंची डोक्याची परीक्षा होई. संगणकावर शब्द दाखवत, आकृत्या दाखवत, आणि थोड्या वेळाने काय काय आठवतं ते विचारत. तो आकडा जपून ठेवत. पुढे कधी डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. आकडा घसरला असेल तर डॉक्टर बर्फावर पाऊल ठेवू देत नसत. म्हणून सप्टेंबरात सगळेजण ठरवून चुकत. पहिला आकडाच एवढा खाली ठेवायचा की पुढे तो घसरलेला दिसूच नये. वेसला हे त्याच्या पहिल्या वर्षीच्या कप्तानाने शिकवलं होतं, स्केटच्या नाड्या कशा बांधायच्या ते शिकवावं तितक्या सहज. "उगाच हुशारी दाखवू नकोस हाक्सी, नाहीतर ऐन जानेवारीत घरी बसशील." संघात सगळे त्याला हाक्सीच म्हणत.

त्या दिवशी घरी येऊन त्याने डॅनिकाला सगळं रंगवून सांगितलं. "बदक, शिडी, लोणी असं काहीतरी होतं. मी लिहिलं, विमान. नुसतं विमान. शेजारी बसलेल्या पोराने तर स्वतःचंच नाव दोनदा लिहिलं."

"शाबास. आणि हे म्हणे राष्ट्राचे हिरो," डॅनिका म्हणाली. हसून हसून तिच्या पोटात दुखायला लागलं होतं.

मार बसला तो जानेवारीतल्या एका शनिवारी. सामना परगावी होता. डॅनिका आइलाला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसली होती. वेस चकती आणायला कोपऱ्यात गेला, मागून एक धिप्पाड गडी पूर्ण वेगाने आला आणि वेसचं डोकं रिंकभोवतीच्या काचेवर आपटलं. तो उठला. खेळला. मग बदली व्हायला बाकाकडे आला, आणि तिथे डॅनिकाने पाहिलं की कठड्यातलं दार उजव्या हाताला असताना तो डावीकडे चाचपडतो आहे. क्षणभरच. कॅमेरा पुढे सरकला. समालोचक दुसऱ्याच कुणाचं कौतुक करत होता.

"ठीक आहे गं," रात्री फोनवर तो म्हणाला. "काच फुटली का ते विचार."

रविवारी सामना नव्हता. सकाळी संघाच्या कचेरीतून नेहमीचा फोन आला. जखमी खेळाडूला खाली पाठवता येत नाही, असा नियम होता. तो बरा होईपर्यंत वरच राहतो, वरच्याच दराने. म्हणून कागद करण्याआधी विचारायची पद्धत होती. "काही दुखतंखुपतंय, हाक्सी?"

"काही नाही," वेस म्हणाला आणि कागदावर खाली गेला. सोमवारी परत वर आला.

त्यानंतरचे दोन आठवडे डॅनिका त्याच्यावर लक्ष ठेवून होती. स्वयंपाकघरातला दिवा त्याला सहन होईना. जेवण झालं की तो गॅरेजमध्ये जाऊन बंद गाडीत डोळे मिटून बसे. काठीला टेप गुंडाळून झाली की ती सोडून पुन्हा गुंडाळे, कारण आधी गुंडाळली होती हे त्याच्या ध्यानातच नसे. पण तरी सामन्याच्या वेळी तो बर्फावर उतरे आणि ठीक खेळे. शरीराला सगळं पाठ होतं.

एका दुपारी तो आणि आइला जोड्या लावायचा पत्त्यांचा खेळ खेळत होते. पालथी पानं, दोन-दोन उलटायची, सारखी निघाली की आपली. हा खेळ तो नेहमी मुद्दाम हरायचा. त्या दिवशी आइलाने पानं खाली टाकली आणि भोकाड पसरलं.

"मम्मी, डॅडी खोटं खेळतो! आत्ता इथेच ससा होता. त्याला माहितेय, तरी तिसरंच उचलतो."

वेस पानांकडे बघत होता. कपाळावर घाम आला होता. डॅनिकाने त्याचा चेहरा पाहिला आणि पोरीला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं.

परत आली तेव्हा ती दारातच उभी राहिली. "उद्या ट्रेनरला सांग."

"सांगितलं की माझ्या जागी दुसरा उभा राहील. एकदा उभा राहिला की राहिला."

"राहू दे."

"सहा वर्षं, डॅनी."

"सहा वर्षांपूर्वी ससा कुठे आहे ते तुला कळत होतं."

वेस उठून गॅरेजमध्ये गेला.

मग वेसच्या एजंटचा, लॉर्न पिकेटचा, विनिपेगहून फोन आला. लॉर्न साठी ओलांडलेला माणूस, घशात कायम खडे घोळत असल्यासारखा बोलायचा. वेस अंघोळीला गेला होता. फोन डॅनिकाने घेतला.

"पोरी, बातमी बरी नाही. संघाचा सगळ्यात महागडा खेळाडू गुडघ्याचं ऑपरेशन करून परत येतोय. तो जखमींच्या यादीत होता तोवर त्याचा पगार कॅपवर बसत नव्हता. आता बसणार. म्हणजे कुणालातरी उठवलं पाहिजे. उद्या दुपारी बारापर्यंत."

"कागदावर?"

"खरोखर. बॅग भरून. एप्रिलपर्यंत तरी परत वर येणं नाही."

डॅनिकाने भांड्यांवरचा नळ बंद केला. "लॉर्न, त्याचं डोकं ठीक नाहीये. दोन आठवडे झाले."

लॉर्नचा आवाज चढला. "मग इतके दिवस काय झोपला होतात? उद्या बाराच्या आत सांगा. डॉक्टरांनी जखमी लिहिलं तर त्याला कुणी हात लावू शकत नाही. बारा वाजून गेले की लिहिलं काय नि न लिहिलं काय."

वेसने या वेळी वाद घातला नाही. डॅनिकाला त्याचीच जास्त भीती वाटली. बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं आणि त्या उजेडात त्याला डोळे उघडवत नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तिनेच चालवली. संघाचे डॉक्टर प्रेस्कॉट सभ्य माणूस होते. वेसने त्यांच्यासमोर बसून, आयुष्यात पहिल्यांदा, सांगितलं की दुखतंय. परीक्षा झाली. या खेपेला त्याने जीव तोडून दिली; दाराच्या काचेतून डॅनिकाला त्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द घोकताना.

डॉक्टरांनी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. "वेस, सप्टेंबरात होतास तसाच आहेस तू. तसूभर बराच म्हण."

वेस आपल्या हातांकडे बघत राहिला.

"सप्टेंबरात त्याने मुद्दाम चुकीची उत्तरं दिली होती," डॅनिका म्हणाली.

"डॅनी, गप्प बस."

"घरी येऊन त्यानेच सांगितलं मला. सगळेच देतात. तुम्हाला माहीत नाही?"

प्रेस्कॉटांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, ज्याला खाली पाठवायचं ठरतं त्याचं डोकं आदल्या दिवशी दुखतंच. कधी पाठ दुखते. मी कुणाला खोटारडा म्हणत नाही, पण मला काहीतरी पुरावा हातात लागतो. शनिवारच्या त्या सामन्यानंतर फोनवर याने सांगितलंय, काही दुखत नाही. मग सात सामने खेळलाय. आणि तुम्ही म्हणता ते मी लिहून घेतलं, तर पहिली ओळ ही होईल की परीक्षा प्रामाणिकपणे देईन या कलमाखाली सही करून त्याने फसवणूक केली. त्यावर करारच मोडू शकतो. शिवाय मला विचारावं लागेल, आणखी कुणी कुणी." ते थांबले. "लिहू?"

वेसला आपला सगळा संघ डोळ्यांसमोर दिसला असणार. "नको," तो म्हणाला.

गाडीत बसल्यावर त्याने डोळ्यांवर टोपी ओढली. "सगळ्यांना बुडवलं असतंस आज."

"सगळ्यांना? सगळे येणारेत का रे घरी, तुझ्या बुटांच्या नाड्या बांधायला?"

तो खिडकीकडे वळला. मग म्हणाला, "मला फिट म्हणणारा डॉक्टर नव्हता, डॅनी. मीच म्हणत होतो."

बाराच्या थोडं आधी फोन वाजला.

खालचं शहर तळ्याकाठचं, वाऱ्याचं. जुन्या गोदामासारखं स्टेडियम, आत तळलेल्या कांद्याचा वास. पहिल्या दिवशी वेस सरावाला गेला, आला आणि हॉटेलच्या न्हाणीघरात दिवा न लावता बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सामना होता. डॅनिका आइलाला घेऊन वरच्या ओळीत बसली. सामन्याआधी खेळाडू हात-पाय मोकळे करायला बर्फावर गोल गोल फिरतात. वेसही फिरत होता, बाकीच्यांपेक्षा जरा आतून. मग तो गोलपोस्टला धरून थांबला. गोलरक्षक त्याच्याजवळ येऊन काहीतरी बोलला, हसला, मग हसायचा थांबला. वेस दाराकडे गेला. या वेळी त्याला दार बरोबर सापडलं.

राष्ट्रगीताला तो दिसला नाही. सामना सुरू झाला.

"तो वरून आलेला हाकाला कुठाय?" मागच्या ओळीतली एक बाई म्हणाली.

"अगं, वरची हवा लागली ना एकदा," तिचा नवरा म्हणाला, "मग आपल्यात खेळायला लाज वाटते साहेबांना."

डॅनिकाने आइलाचा हात धरला आणि जिना उतरली. ड्रेसिंग रूमबाहेरच्या बोळात वेस उभा होता, पायांत स्केट तशाच, सिमेंटच्या उघड्या जमिनीवर. पाती बोथट होतील म्हणून कुठलाही खेळाडू असा उभा राहत नाही. आत कोच कुणावर तरी ओरडत होता.

"सांगितलं मी," वेस म्हणाला.

"काय?"

"दुखतंय म्हणून. सगळ्यांसमोर. कुणी वर बघितलंसुद्धा नाही." त्याने भिंतीला हात टेकला. "कोच म्हणाला, माझ्याकडे तुझा फिट म्हणून कागद आलाय. खेळतोस की घरी जातोस? मी म्हटलं, जातो."

धडधाकट खेळाडूने खेळायला नकार दिला असं त्या संध्याकाळीच कळवलं गेलं, आणि त्याच्या दोन्ही दरांना, म्हणजे पगारालाच, कुलूप लागलं. लॉर्नने खेळाडूंच्या संघटनेमार्फत तक्रार दाखल केली. तक्रारीत मागितलं होतं ते एवढंच: हा माणूस वर असताना जखमी झाला, असं लिहून द्या.

ते थंडर बेला परतले आणि वेसच्या वडिलांच्या घरी तळघरात राहू लागले, कारण तिथे उजेड कमी होता. एइनो हाकालाने जन्मभर कागदाच्या गिरणीत पाळ्या केल्या होत्या, एकदा तर मनगट मोडलेलं असताना. मुलगा जिना उतरताना कठड्याला धरतो हे त्याला बघवत नसे. आणि त्याला एखादी गोष्ट बघवेनाशी झाली की त्याची जीभ चाले.

"हातपाय तर जागेवर आहेत की," तो जेवताना म्हणे. "बेकरीत सगळे विचारतात, पोरगा कधी जाणार परत? काय सांगू? सांगू, अंधारात बसून ध्यान करतो?"

"सांगा, बरं नाही त्याला," डॅनिका म्हणे.

"कुठे बरं नाही? मला दाखव तरी कुठे."

डॅनिकाकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. ती दातांच्या दवाखान्यात पुन्हा कामाला लागली. टोरांटोच्या दुसऱ्या डॉक्टरांनी वेसला तपासलं आणि मेंदूला इजा आहे असं स्वच्छ लिहिलं. पण ती कधीची, हे त्यांना सांगता येईना. तक्रारीवर जबान्या झाल्या. वेसला एकेक प्रश्न तीन-तीनदा विचारावा लागला. सप्टेंबरबद्दल विचारलं तेव्हा त्याने एवढंच सांगितलं की मी चुकलो होतो, मी एकटा. त्याच्या जुन्या संघातल्या कुणाचाही फोन आला नाही. एकाने आइलासाठी बाहुली पाठवली, पाकिटावर नाव नव्हतं.

मे महिन्यात तळ्यावरचा बर्फ फुटायला लागला. एका शनिवारी डॅनिका मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती तेव्हा लॉर्नचा फोन आला. त्याने आधी हवापाण्याचं विचारलं, तेव्हाच तिला कळलं.

"परीक्षेचे दोन्ही आकडे सारखेच आहेत, पोरी. निकाल देणारे त्याच्या पुढे जायलाच तयार नाहीत. म्हणतात, वर असताना तो धडधाकट होता. खाली एक दिवस सरावाला गेला, तिथे काही झालं असेल तर त्याला वरचा संघ जबाबदार नाही, कारण त्याने तिथे तक्रार केली ती खेळ नाकारताना. करार संपला. पुढे दाद नाही." तो खाकरला. "मी त्याला सांगू का?"

"नको. मी सांगते."

एइनो लाकडं फोडत होता. कुऱ्हाड ओंडक्यात तशीच ठेवून तो ऐकत उभा राहिला होता. डॅनिकाने त्याला चार शब्दांत सांगितलं. त्याने मान हलवली आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली, पण लाकडावर घातली नाही.

ती तळघरात गेली. वेसच्या शेजारी पलंगाच्या कडेवर बसून तिने त्याला सगळं सांगितलं, सावकाश, मध्ये मध्ये थांबून. त्याने ऐकलं. दोन प्रश्नही विचारले, शहाण्यासारखे. मग म्हणाला, "म्हणजे मी फिट आहे तर," आणि थोडासा हसला. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो झोपून गेला.

संध्याकाळी तो उठून वर आला. चेहरा ताजातवाना दिसत होता. डॅनिकाने दिवा न लावता खिडकीच्या उजेडात जेवण मांडलं होतं, तळलेले मासे आणि उकडलेले बटाटे. आइलाने बापाला मिठाची बाटली दिली. तो चवीने जेवायला लागला, आणि मध्येच डॅनिकाकडे बघून म्हणाला,

"लॉर्नचा फोन नाही ना आला अजून? मला वाटतं, उशीर लागतोय म्हणजे चांगलंच लक्षण आहे. नाही म्हणायला त्यांना इतका वेळ कशाला लागेल?"

डॅनिकाच्या हातातला चमचा तसाच राहिला. तिने वेसच्या डोळ्यांत पाहिलं. त्यात चेष्टा नव्हती. तो खरोखर वाट बघत होता. समोर एइनो बसला होता. त्याच्या हातातली सुरी बटाट्यात अर्धी रुतली होती आणि तो मुलाकडे असा बघत होता, जसं इतक्या महिन्यांत त्याला कुणी पहिल्यांदाच दाखवलं होतं, कुठे बरं नाही ते.

"यायचाय अजून," एइनो म्हणाला. "शनिवारी कोण फोन करतं? येईल. तू जेव." आणि त्याने आपल्या पानातला मासा उचलून मुलाच्या पानात ठेवला.